बलाम नक्की कसा होता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलणाऱ्या गाढवीची गोष्ट बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. मोठेपणी तीच गोष्ट मूळ पुस्तकात, म्हणजे बायबलात, वाचायला घेतली की माणूस गोंधळतो, कारण गाढवीचा धनी बलाम एका पानावर साधू वाटतो आणि दुसऱ्यावर चक्क विकाऊ. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नावं प्रचलित मराठी बायबलाप्रमाणे आहेत. एका उत्तरातलं दुसरीकडे पुन्हा सांगत बसलेलो नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. हा बलाम कोण? मोशे, दावीद माहीत आहेत, याचं नाव कधी ऐकलं नव्हतं.

बौराचा मुलगा बलाम. इस्राएली नव्हे, परका. ज्याला आशीर्वाद देईल त्याचं भलं होतं आणि शाप देईल त्याचं वाटोळं होतं, अशी त्याची ख्याती. इब्री शास्त्रात (यहुद्यांचा धर्मग्रंथ, ख्रिस्ती बायबलातला जुना करार) तो मुख्यतः ‘गणना’ या पुस्तकाच्या 22 ते 24 या तीन अध्यायांत भेटतो. त्याशिवाय गणना 31, अनुवाद 23, यहोशवा 13 आणि 24, मीखा 6 आणि नहेम्या 13 इथे त्याचे ओझरते उल्लेख आहेत, बहुतेक एकेका दोन-दोन वाक्यांचे. सगळा घोळ या ओझरत्या उल्लेखांनी घातला आहे.

2. मूळ गोष्ट थोडक्यात सांगाल का?

इजिप्तमधून निघालेले इस्राएली मवाब या देशाच्या मैदानात येऊन उतरतात. मवाबाचा राजा बालाक घाबरतो आणि बलामाकडे माणसं पाठवतो: ये, यांना शाप दे. माणसांच्या हातात शकुनाची दक्षिणा आहे. बलाम म्हणतो, रात्रभर थांबा, देव काय म्हणतो ते बघतो. देव म्हणतो, जाऊ नकोस. बालाक आणखी मोठ्या मानकऱ्यांना धाडतो. बलाम म्हणतो, बालाकाने घर भरून सोनंनाणं दिलं तरी देवाच्या शब्दाबाहेर मला जाता येत नाही. या खेपेला देव जायची परवानगी देतो, पण मी सांगेन तेवढंच करायचं या अटीवर. वाटेत गाढवीचा प्रसंग घडतो. मग तीन डोंगरमाथ्यांवर, प्रत्येक ठिकाणी सात वेद्या बांधून, सात बैल आणि सात मेंढे अर्पण करून बालाक शापाची वाट बघत उभा राहतो आणि प्रत्येक वेळी बलामाच्या तोंडून आशीर्वाद बाहेर पडतो. बालाक रागाने हातावर हात आपटतो. बलाम जाता जाता आणखी भाकितं सांगतो, त्यांतच याकोबातून निघणाऱ्या ताऱ्याचं ते प्रसिद्ध वाक्य आहे, आणि आपल्या ठिकाणी परत जातो.

3. मग यात वाईट काय केलं त्याने? माणूस तर नीटच वागलाय.

हाच तो प्रश्न. तुम्ही फक्त 22 ते 24 वाचलंत, आणि त्यातून गाढवी बाजूला ठेवलीत, तर बलामावर बोट ठेवायला जागा नाही. तो देवाला विचारतो, सांगितलेलं ऐकतो, पैशाला भुलत नाही, चिडलेल्या राजाच्या तोंडावर खरं बोलतो. एवढी सरळ वागणूक इस्राएलच्या स्वतःच्या संदेष्ट्यांनाही नेहमी जमलेली नाही. योनाला जा म्हटलं तर तो उलट्या दिशेची बोट पकडतो.

आता पुढे सात अध्याय जा. गणना 31 मध्ये इस्राएली मिद्यानावर चालून जातात, मिद्यानाच्या पाच राजांना मारतात आणि त्यांच्याबरोबर बलामालाही तलवारीने मारतात. का? मोशेच्या एका रागीट वाक्यातून कळतं, की बलामाच्या सांगण्यावरूनच मिद्यानी बायकांनी इस्राएलींना भुलवलं. हे सांगणं त्याने कधी सांगितलं? प्रश्न 6 पाहा.

4. देवानेच रात्री ‘जा’ म्हटलं आणि सकाळी तो निघाल्यावर देवच चिडला. हा काय प्रकार?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि खरोखर अवघड. गणना 22:20 मध्ये (म्हणजे 22 वा अध्याय, 20 वी ओळ) परवानगी आहे, 22:22 मध्ये तो गेला म्हणून राग आहे. मध्ये फक्त एक ओळ, त्यात तो गाढवीवर खोगीर चढवतो.

परंपरागत भाष्यकारांपैकी काहींनी इथे इब्री शब्दांचा कीस काढला आहे. ‘त्यांच्याबरोबर’ यासाठी पहिल्या नकारात एक शब्द आहे (‘इम्माहेम’) आणि परवानगीत दुसरा (‘इत्ताम’). पहिल्याचा अर्थ त्यांच्या हेतूत सामील होऊन, दुसऱ्याचा नुसतं सोबतीने. देवाने नुसती सोबत मान्य केली होती, बलाम मनाने त्यांचा होऊन निघाला, म्हणून राग. उत्तर चतुर आहे. पण इब्रीत हे दोन शब्द एरवी इतका फरक पाळत नाहीत, त्यामुळे मला ते पटत नाही.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. पुढच्या अध्यायात हाच बलाम बालाकाला ठणकावतो, की देव काही माणूस नाही, शब्द फिरवायला. ज्याला एका रात्री ‘जाऊ नको’ आणि दुसऱ्या रात्री ‘जा’ ऐकावं लागलं आणि तिसऱ्या वळणावर उपसलेली तलवार बघावी लागली, त्याच्या तोंडी हे वाक्य. लिहिणाऱ्याला यातली खोच कळत नव्हती असं मला वाटत नाही.

रागाचं अधिक सरळ स्पष्टीकरण पुढच्या उत्तरात आहे.

5. गाढवीचा प्रसंग नंतर घुसवलेला आहे असं म्हणतात. त्याला पुरावा काय?

पुरावा मजकुरातच आहे, मराठी बायबल घेऊन बसलात तरी दिसेल. 22:21 मध्ये बलाम मवाबाच्या सरदारांबरोबर निघतो. 22:22 पासून सरदार गायब. आता बलामाबरोबर फक्त दोन नोकर. देवदूत वाट अडवतो, गाढवी आधी शेतात शिरते, मग द्राक्षमळ्यांमधल्या अरुंद बोळात, जिथे दोन्ही बाजूंना गडगे आहेत, भिंतीला घासते आणि बलामाचा पाय चेंगरते, आणि तिसऱ्यांदा, जिथे डावी-उजवीकडे वळायलाच जागा नाही तिथे, बसकण मारते. बलाम काठी उगारतो, गाढवी बोलते, एवढा गलका होतो आणि मागून येणारा एकही सरदार ‘काय झालं?’ म्हणत नाही. 22:35 मध्ये देवदूत 22:20 चीच आज्ञा जवळपास त्याच शब्दांत पुन्हा देतो, आणि सरदार परत हजर.

मधला भाग काढून 22:21 ला 22:36 जोडून बघा. सांधा दिसतही नाही. म्हणून बरेच अभ्यासक मानतात, की बलामाबद्दल आदर असलेली एक गोष्ट आधी होती आणि त्याची टर उडवणारी दुसरी गोष्ट तिच्यात नंतर बसवली गेली. देवाचा राग या दुसऱ्या गोष्टीतला आहे.

टर तरी किती बेमालूम! लांबलांबचे राजे ज्याला दृष्टांतासाठी बोलावतात त्याला समोरचा देवदूत दिसत नाही, आणि गाढवीला तीनदा दिसतो. शब्दांनी अख्ख्या राष्ट्राचा नाश करायला निघालेला माणूस एका गाढवीला म्हणतो, हातात तलवार असती तर तुला ठार केलं असतं. ‘गाढवापुढे वाचली गीता’ म्हणणारे आपण. इथे गीता गाढवी वाचते आहे, आणि कालचा गोंधळ तिच्या धन्याचा आहे.

6. बआल-पौरच्या पापाचा सल्ला बलामाने दिला, हे नेमकं कुठे लिहिलंय?

ज्या अध्यायात ते पाप घडतं, तिथे नाही. गणना 25 मध्ये इस्राएली पुरुष मवाबी बायकांच्या नादी लागतात, बआल-पौर या दैवताच्या यज्ञात जेवतात, मरी येते आणि 24,000 माणसं मरतात. पूर्ण अध्यायात बलामाचं नाव नाही. तो तर आदल्याच ओळीत, 24:25 ला, निघून गेला आहे. त्याचं नाव या प्रकरणाला चिकटतं ते थेट 31:16 मध्ये.

बायकाही बदलतात. अध्याय 25 सुरू होतो मवाबी बायकांनी, मध्येच एक मिद्यानी राजकन्या येते, कजबी तिचं नाव, आणि 31 पर्यंत सगळा दोष मिद्यानी बायकांवर जाऊन बसतो. 31 वा अध्याय याजकवर्गाच्या परंपरेतला आहे असं अभ्यासक मानतात. याजकांच्या हिशेबी परका दैवज्ञ सज्जन असणं अडचणीचंच.

7. बलाम घरी गेला होता ना? मग मिद्यानात मेला कसा?

तीन प्रकारची उत्तरं देतात. ‘आपल्या ठिकाणी’ म्हणजे घरी नव्हे, नुसता तिथून हलला. किंवा घरी गेला आणि परत आला. किंवा या दोन वेगळ्या परंपरा आहेत आणि कुणी त्यांचा मेळ घातलेला नाही. मी तिसऱ्या बाजूचा आहे.

दुसऱ्या उत्तराला तालमूदने (यहुदी पंडितांच्या चर्चांचा जुना संग्रह) मात्र झकास कारण पुरवलं आहे: तो 24,000 माणसं मारवल्याची बिदागी मागायला आला होता! आणि तिथेच लोकांत चालणारी एक म्हण दिली आहे: उंट शिंगं मागायला गेला, तर होते ते कानही कापून घेतले. आपल्याकडे तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

8. त्याला शाप द्यायचा होता की नव्हता?

कोणाला विचारता त्यावर आहे. गणना 22–24 मधला बलाम सुरुवातीपासून सांगतो, माझ्या हातात काही नाही, देव तोंडात घालेल ते बोलेन. अनुवाद 23 मध्ये अम्मोनी आणि मवाबी लोकांना इस्राएलच्या मंडळीत का घेऊ नये याची कारणं आहेत. त्यांतलं एक, त्यांनी बलामाला भाड्याने आणलं. पुढे म्हटलंय, परमेश्वराने बलामाचं ऐकलं नाही आणि शापाचा आशीर्वाद केला. ‘ऐकलं नाही’ याचा अर्थ बलाम काहीतरी मागत होता. यहोशवा 24 मध्येही तसंच, देव म्हणतो, मला बलामाचं ऐकायचं नव्हतं. म्हणजे इथला बलाम शाप द्यायला आलेला आहे आणि देवाने त्याची जीभ वळवली. नहेम्या 13 मध्ये अनुवादातलीच ओळ पुन्हा वाचली जाते, परक्यांना वेगळं काढण्याच्या संदर्भात.

गणनेच्या गोष्टीत देवाला शाप पालटावा लागतच नाही. शाप तिथे कधी उच्चारलाच गेलेला नाही.

(याच यहोशवा 24 मध्ये बालाक इस्राएलाशी लढला असं आहे. आणि शास्ते 11 मध्ये इफ्ताह हा इस्राएली पुढारी विचारतो, बालाक कधी इस्राएलाशी लढला होता का? राजाचीही तीच तऱ्हा.)

9. त्याच्याबद्दल चांगलं बोलणारं पुढे कोणीच नाही का?

मीखा. मीखा 6:5 मध्ये देव आपल्या लोकांना म्हणतो, बालाकाने काय मसलत केली आणि बलामाने त्याला काय उत्तर दिलं ते आठवा. बस्स, एवढंच. लोभ नाही, बायका नाहीत, गाढवीही नाही. ‘उत्तर दिलं’ हे क्रियापद साधं आहे, पण ते बलामाला बालाकाच्या समोर उभं करतं, शेजारी नाही.

10. त्याचं गाव कोणतं?

गणना 22:5 मध्ये ‘नदीकाठचं पथोर’. अनुवादात ‘अरामनहराईम येथलं पथोर’, म्हणजे फरात नदीचा भाग. अश्शूरच्या राजांच्या लेखांत फरातकाठी पित्रू नावाचं ठिकाण येतं, तेच हे असं सहसा मानतात. पण तिथून मवाब साडेपाचशे-सहाशे किलोमीटर. बालाकाच्या माणसांनी ही वाट दोनदा जाऊन-येऊन तुडवली, आणि बलाम गाढवीवर बसून, दोन नोकर घेऊन, द्राक्षमळ्यांच्या बोळांतून आला? गणना 22:5 मध्ये ‘त्याच्या लोकांचा देश’ अशा अर्थाचे शब्द आहेत, ते शोमरोनी पंथाच्या प्रतीत आणि सिरियाक या जुन्या भाषेतल्या भाषांतरात ‘अम्मोनी लोकांचा देश’ असे आहेत. अम्मोन म्हणजे मवाबाचा शेजार. गाढवीला ते अंतर झेपलं असतं. प्रश्न 12 मधला शोध लक्षात घेतला तर हा पाठ आणखी विचार करण्यासारखा होतो.

11. त्याला संदेष्टा म्हणायचं की ज्योतिषी?

गणना 22–24 मध्ये त्याला संदेष्टा असं कुठेही म्हटलेलं नाही. ज्योतिषीही नाही. यहोशवा 13:22 मध्ये त्याच्या मरणाची नोंद करताना ‘शकुन पाहणारा’ ही उपाधी जोडली आहे, आणि अनुवाद 18 नुसार तो धंदाच निषिद्ध. एका शब्दात निकाल.

12. बायबलाबाहेर त्याचा काही पुरावा सापडला आहे का?

हो, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना. 1967 साली यार्देन खोऱ्यात, नदीच्या पूर्वेला देइर अल्ला इथे हेंक फ्रांकेन यांच्या नेतृत्वाखालची डच मोहीम खणत होती. भूकंपात कोसळलेल्या एका इमारतीत भिंतीच्या गिलाव्याचे तुकडे मिळाले, त्यांवर काळ्या आणि तांबड्या शाईची अक्षरं. तुकडे जुळवल्यावर नाव लागलं: बौराचा मुलगा बलाम, देवांचा द्रष्टा. काळ साधारण इ.स.पू. 800. वाचन 1976 साली प्रसिद्ध झालं. भाषा अरामी म्हणायची की कनानी, यावर अजून वाद आहे.

मजकूर तुटक आहे, तरी सुरुवात लागते. रात्री देव त्याच्याकडे येतात. तो सकाळी उठतो, जेवत नाही, रडतो. लोक विचारतात, का रडतोस? तो सांगतो, देवांची सभा भरली आहे, आकाश झाकून अंधार करायचा त्यांचा बेत आहे. सभेतल्या देवांना ‘शद्दाईन’ म्हटलंय. आता गणना 24:4 उघडा. बलाम स्वतःला ‘शद्दाय’चा दृष्टांत बघणारा म्हणवतो, मराठीत तिथे ‘सर्वसमर्थ’ आहे. आणि गणनेतही देव त्याच्याकडे रात्रीच येतो.

यावरून बलाम ऐतिहासिक माणूस होता असं सिद्ध होत नाही. पण इस्राएलबाहेर, यार्देनपलीकडे, त्याचं नाव आदराने भिंतीवर लिहिलं जात होतं, एवढं नक्की. इथे इस्राएल नाही, परमेश्वर नाही, देव अनेक आहेत. आणि माणूस लोकांसाठी रडतो आहे.

13. उत्पत्ति 36 मधला एदोमचा पहिला राजा ‘बौराचा मुलगा बेला’ म्हणजे हाच का?

इब्रीत दोन नावांत एका अक्षराचा फरक आहे आणि बापाचं नाव एकच, त्यामुळे शंका रास्त आहे. पण शास्त्रात दोघांना कुठेही जोडलेलं नाही. नावाच्या साम्यावर मी तरी घर बांधणार नाही.

14. ‘देव’ आणि ‘परमेश्वर’ अशी दोन नावं या अध्यायांत आलटून पालटून का येतात?

मराठी बायबलात इब्रीतल्या ‘एलोहीम’साठी साधारणपणे ‘देव’ आणि देवाच्या ‘यहवे’ या चार अक्षरी नावासाठी ‘परमेश्वर’ असतं, म्हणून तुम्हाला हे मराठीतही दिसलं. रात्री बलामाकडे येतो तो बहुधा ‘देव’, वाट अडवतो तो ‘परमेश्वराचा दूत’. यावरून जुन्या पिढीच्या अभ्यासकांनी दोन मूळ कथा वेगळ्या काढायचा प्रयत्न केला. गाढवीपुरतं ते जमतं, बाकी ठिकाणी नावांची इतकी सरमिसळ आहे की कात्री नीट चालत नाही.

15. यहुदी परंपरेत तो खलनायकच आहे ना?

बहुतांशी. मिश्नात (तालमूदचा पाया असलेला यहुदी नियमसंग्रह) ज्यांना येणाऱ्या जगात वाटा नाही अशांच्या यादीत तो आहे. ‘पिर्के अवोत’ या मिश्नातल्याच सुवचनांच्या भागात अब्राहामाचे शिष्य आणि बलामाचे शिष्य अशी जोडी लावून दुष्ट नजर, ताठा आणि हाव ही बलामाच्या शिष्यांची खूण सांगितली आहे. मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांत खोट्या संदेष्ट्यांची एक चिमुकली अरामी यादी आहे, तिच्यात पहिलं नाव त्याचंच.

पण तिथेही सूर एक नाही. ‘मोशेसारखा संदेष्टा इस्राएलात पुन्हा झाला नाही’ या वाक्यावर सिफ्रे हे जुनं भाष्य म्हणतं: इस्राएलात नाही झाला, इतर राष्ट्रांत झाला, आणि तो बलाम. तालमूदमध्ये मोशेने काय काय लिहिलं हे सांगताना ‘बलामाचा भाग’ वेगळा मोजला आहे. आणि पुष्कळ यहुदी प्रार्थनागृहांत शिरताना म्हणायचं स्तवन ज्या ओळीने सुरू होतं, ‘याकोबा, तुझे तंबू किती सुंदर’, ती ओळ याच दुष्टाची.

16. ख्रिस्ती आणि मुस्लिम परंपरेत काय आहे?

नव्या करारात तिन्ही उल्लेख वाईट. 2 पेत्र आणि यहूदाच्या पत्रात तो पैशासाठी वाट सोडलेला आहे, तरी पेत्राच्या पत्रात त्याला ‘संदेष्टा’ म्हटलंय. प्रकटीकरण 2:14 मध्ये त्याने बालाकाला युक्ती शिकवली असं आहे. गणना 31 त्याचं सांगणं फक्त बायकांशी जोडते, बालाकाचं नाव तिथे नाही. पण पहिल्या शतकातल्या योसेफस या यहुदी इतिहासकाराच्या ग्रंथात हीच युक्ती तपशिलात येते, तेव्हा ही समजूत त्या काळी रुळलेली असणार. कुराणात 7:175 मध्ये देवाच्या खुणा मिळूनही त्या टाकून देणाऱ्या एका माणसाचा दाखला आहे. नाव दिलेलं नाही, पण अनेक भाष्यकार तो बलआम बिन बाऊरा असं सांगतात.

17. कोकणातले बेने इस्राएल यहुदीही ही गोष्ट वाचतात का?

शब्बाथच्या (शनिवारच्या) वार्षिक वाचनचक्रात ‘बालाक’ हा भाग येतोच, साधारण जून-जुलैत, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसात. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग, शार हारहमीम, 1796 चं. वाचनासाठी दहाजणांचा मिन्यान, म्हणजे किमान उपस्थिती, जमावा लागतो आणि बरीच मंडळी इस्राएलला गेल्यामुळे सगळीकडे तो जमतोच असं नाही.

या भागाची वाटणी मात्र बघण्यासारखी आहे. तोरातलं (शास्त्राची पहिली पाच पुस्तकं) वाचन गणना 22:2 ला सुरू होऊन 25:9 ला थांबतं, म्हणजे आशीर्वाद आणि बआल-पौर एकाच बैठकीत. त्याला जोडून संदेष्ट्यांमधला जो उतारा वाचतात तो मीखाचा, प्रश्न 9 मधला.

18. दोन वेगळे बलाम होते असं मानलं तर सगळं सुटत नाही का?

नाही. गणना 22, गणना 31, यहोशवा, मीखा, सगळीकडे नाव बापासकट आहे: बौराचा मुलगा. लिहिणाऱ्यांनी एकाच माणसाबद्दल लिहिलंय, एकमत मात्र केलं नाही.

19. गणना 24:3 मध्ये एका भाषांतरात ‘ज्याचे डोळे उघडले आहेत’ आणि दुसऱ्यात ‘ज्याचा डोळा मिटला आहे’ असं वाचलं. बरोबर कोणतं?

इब्री शब्द आहेत ‘शेतुम हा-आयिन’. यातला ‘शेतुम’ संपूर्ण इब्री शास्त्रात फक्त दोनदा येतो, 24:3 आणि 24:15, दोन्ही वेळा बलामाच्या तोंडून, स्वतःबद्दल. पहिलं अक्षर ‘श’ वाचलं तर अर्थ भोक पाडणं, उघडणं. मिश्नात दारूच्या पिंपाला भोक पाडण्यासाठी हे क्रियापद आहे. तेच अक्षर ‘स’ वाचलं तर बुजवणं, बंद करणं. गंमत म्हणजे मिश्नातल्या त्या एकाच वाक्यात पिंपाला भोक पाडणं आणि ते बुजवणं, दोन्ही क्रियापदं लागोपाठ आहेत. ‘श’ आणि ‘स’ यांत फरक करणारा ठिपका हस्तलिखितांत कितीतरी शतकांनी आला, आधी नुसतं अक्षर होतं.

शिवाय ‘आयिन’ एकवचनी आहे. एकच डोळा. पुढच्याच ओळीत ‘उघडे डोळे’ म्हणताना शब्द अनेकवचनात जातो. त्यावरून तालमूदने ठरवलं की तो एका डोळ्याने आंधळा होता. एक उघडा, एक मिटलेला.